सुर्रा: शब्दकोशातला आणि कोठ्यातला

(पांढुर्णा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रण आले तेव्हा मी दोनदा विचारून घेतले, की तुम्हाला बोलवायचे ते मीच ना? कारण मी ढोरांचा डॉक्टर. माझे आयुष्यभराचे सगळे लेखन औषधांच्या चिठ्ठ्यांवर झाले आहे आणि तेही कोणाला वाचता आले नाही, असे आमचे कंपाउंडर सांगत. तरी आलो, कारण माझ्याकडे एक शब्द आहे. तो मराठी आहे असे इंग्रजांचे शब्दकोश म्हणतात आणि आपल्याला त्याची खबर नाही.

तो शब्द म्हणजे 'सुर्रा'. घोडे, उंट, म्हशी, बैल, कुत्री यांना होणारा रक्तातल्या परजीवीचा हा रोग. जगभरच्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत त्याचे हेच नाव आहे. ब्राझीलमधल्या डॉक्टरलाही ते कळते. ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेबस्टर या कोशांत त्याचे मूळ मराठी 'सूर' असे दिले आहे: नाकपुडीतून जाणारी हवा, श्वासाचा आवाज. आमच्या घरी म्हातारी माणसे कामाला निघताना नाकाखाली बोट धरून उजवा सूर चालू आहे की डावा ते बघत. तोच हा सूर. दुसरे एक मत असे, की शब्द हिंदीतल्या 'सड़ा'वरून आला. जनावर आतून सडल्यासारखे खंगते म्हणून. दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आपण पांढुर्ण्याचे लोक. मराठी की हिंदी हा वाद आपल्याला नवा नाही.

तुम्हाला हे सांगायला मला फार आवडले असते, की जामसावळीकडच्या एखाद्या गुराख्याच्या तोंडून मी या रोगासाठी 'सूर' हा शब्द ऐकला. पण ऐकला नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकदाही नाही. आपल्याकडे म्हणतात 'चक्कर आली', 'वारं गेलं', 'रोड होऊन राह्यला'. राजस्थानातल्या उंटवाल्यांनी मात्र आपले नाव ठेवले आहे. ते 'तिबरसा' म्हणतात, कारण उंट या रोगात तीन-तीन वर्षे झिजतो. एका शब्दात रोगाचा सगळा क्रम येतो. असे नाव देणाऱ्याने उंट तीन वर्षे रोज पाहिलेला असतो.

आता थोडा इतिहास. १८८० साली डेरा इस्माईल खानला, म्हणजे तेव्हाच्या पंजाबात, ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या वेल्श पशुवैद्याने आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा जीव पाहिला आणि रोग यानेच होतो असे म्हटले. वरिष्ठांनी मानले नाही. पुढे त्या जीवाला इव्हान्सचेच नाव मिळाले: ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. गृहस्थ शंभर वर्षे जगला, त्यामुळे आपले खरे ठरलेले त्याला बघता आले. १८८९ च्या डिसेंबरात पुण्याच्या सायन्स कॉलेजात सरकारने जंतुशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. तिचे पहिले प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड सुर्र्याच्या मागे लागले, त्यांनी त्यावर अहवाल लिहिले. ती प्रयोगशाळा नंतर थंड हवेसाठी कुमाऊंत मुक्तेश्वरला गेली आणि तिचीच आज भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था झाली आहे. मी जबलपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो. तिथे हे सगळे इंग्रजीत शिकलो, परीक्षेनंतर हिंदीत बोललो आणि नोकरीत मराठीत चुकलो. ती चूक सांगतो.

नोकरी नवी होती. सौंसर भागातल्या एका गावात गवळाऊ जातीची बैलजोडी होती. गवळाऊ म्हणजे आपल्या छिंदवाडा, नागपूर, वर्धा पट्ट्याचा पांढरा, चपळ बैल. पोळ्याला आठ-दहा दिवस होते. मालक दवाखान्यात आला आणि म्हणाला, "डाक्टर साहेब, एक दिवस बैल चारा खाते, मंग दोन दिवस मान टाकून बसते. अंग तापते, मंग आपोआप उतरते." मी निघालो तिसऱ्या दिवशी. मोटरसायकल बिघडली होती, नाल्याला पूर होता, काही ना काही होते. मी पोहोचलो तेव्हा बैलाचा ताप उतरलेला. कानाच्या टोकातून रक्त घेतले, काच केली, दवाखान्यात येऊन सूक्ष्मदर्शकाखाली तास-दीड तास पाहिली. काही नाही. मी निरोप धाडला: रक्त साफ आहे. शक्तीचे इंजेक्शन दिले.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी बोलावणे आले. बैल शिंगांना रंग लावलेला, कपाळावर बाशिंग आणि खुंट्याभोवती गोल गोल फिरत होता. मग भिंतीवर डोके आपटायला लागला. त्या रात्री घेतलेल्या काचेवर इतके जीव होते, की लाल पेशी त्यांच्या धक्क्यांनी हलत होत्या. औषध दिले, पण बैल पहाटे गेला. दुसरा दिवस गोटमारीचा. अख्खा मुलूख इथे जाम नदीच्या काठी जमला होता आणि आम्ही तिघे-चौघे खड्डा खणत होतो. मालक रागावला नाही. एवढेच म्हणाला, "तुमी तं म्हनलं होतं, रगत साफ हाय."

रक्त त्या दिवशी साफच होते हो. हेच तर या रोगाचे कपट आहे.

आपल्याकडे बहुरूपी यायचे, तुमच्यातल्या वयस्कांना आठवत असेल. आज पोलीस होऊन दारात उभा, उद्या बैरागी, परवा पोस्टमन. कुत्रे पोलिसाला ओळखून भुंकायला लागते तोवर बैरागी आलेला असतो. हा परजीवी तसाच. त्याच्या अंगावर एकाच जातीच्या प्रथिनाचा दाट अंगरखा असतो. जनावराचे शरीर तो अंगरखा ओळखते, त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करते, परजीवी मरायला लागतात, ताप उतरतो. पण काहींनी तेवढ्यात अंगरखा बदललेला असतो. ते पुन्हा वाढतात, पुन्हा ताप. मधल्या दिवसांत रक्तात इतके थोडे उरतात, की काचेवरच्या थेंबात एकही सापडत नाही. मी नेमका मधल्या दिवशी गेलो होतो. आणि मालकाने 'एक दिवस, दोन दिवस' करून मला आधीच निदान सांगितले होते. मी ते तक्रार म्हणून ऐकले.

रोग पसरवते ती चावणारी मोठी गोमाशी, जी पावसाळ्यात आणि पावसाळा सरता सरता म्हशींच्या पोटाखाली रक्त काढते. तिचे तोंड एका जनावराच्या रक्ताने भरलेले असते, तिला हुसकले की ती शेजारच्यावर बसते. झाले. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीत परजीवी वाढतो, बदलतो, मग पुढे जातो. आपल्या गोमाशीला एवढा खटाटोप लागत नाही.

काचेवर दिसत नाही, मग दुसरे काय? शरीराने तयार केलेले प्रतिपिंड शोधायचे. परजीवी लपला तरी त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड रक्तात भरपूर असतात. जगभर हेच करतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने तयार केलेला सुर्र्याचा एलायसा किटही २०२२ साली बाहेर आला. चांगले काम आहे. पण प्रतिपिंड म्हणजे ओल्या मातीतला पायाचा ठसा. वाघ येऊन गेला हे ठसा सांगतो. वाघ आता झुडपात आहे की दहा कोस दूर, हे सांगत नाही. औषधाने परजीवी पूर्ण मेला तरी ठसे कित्येक महिने राहतात.

याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावचा शेतकरी येणाऱ्या-जाणाऱ्या तापाने आजारी पडला आणि त्याच्या रक्तात हाच ढोरांचा परजीवी सापडला. माणसाला हा रोग होत नाही असे तोवर पुस्तकात होते. नागपूरच्या डॉक्टरांनी हे निदान जगापुढे ठेवले, सुरामिन हे औषध मिळवून उपचार झाले, माणूस बरा झाला. मग प्रश्न आला की गावात आणखी किती? १,८०६ लोकांची प्रतिपिंडांची चाचणी केली. पहिल्या फेरीत ४१० जण होकारार्थी. पण ज्यांची चाचणी ठळक आली त्यांच्या रक्तात शोधूनही एकही परजीवी मिळाला नाही. कल्पना करा, ४१० माणसांना सांगायचे की तुम्हाला ढोरांचा रोग आहे, किंवा नाही, किंवा होऊन गेला. आपल्या माणसांच्या रक्तात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते. त्या शेतकऱ्याच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नव्हते, हे २००६ साली ब्रुसेल्सच्या शास्त्रज्ञांनी दाखवले. बाकी गावाला ते प्रथिन राखत होते.

ब्रुसेल्स हे गाव लक्षात ठेवा, तिकडे पुन्हा जायचे आहे.

त्याआधी एका म्हशीची गोष्ट. निवृत्त होण्याच्या दोन-तीन वर्षे आधीची. पांढुर्ण्याजवळच्या एका बाईंची दुसऱ्या वेताची म्हैस होती. मागच्या वर्षी तिला सुर्रा झाला होता, मी स्वतः क्विनापायरामिन टोचले होते, ती बरी झाली, गाभण राहिली, व्याली. मुलीच्या लग्नासाठी म्हैस विकायला काढली. गिऱ्हाईक शिकलेले होते, त्याने रक्त तपासायला पाठवले. कागद आला: सुर्रा पॉझिटिव्ह. बाई माझ्याकडे आल्या. "दादा, तुमीच तं तिले बरी केली." मी कागदाखाली मराठीत चार ओळी लिहून दिल्या की हा जुन्या रोगाचा ठसा आहे. गिऱ्हाइकाने शिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवला, माझ्या चार ओळींवर नाही. म्हैस निम्म्या भावात गेली. कागद चूक नव्हता. विचारलेला प्रश्नच वेगळा होता. मालकाला हवे असते ते एवढेच: आज, या घडीला, आत काही आहे का?

हे सांगायचे तर परजीवीचे स्वतःचे काहीतरी पकडावे लागते. त्याचा अंगरखा नाही, तो तर बदलतो. अंगरख्याच्या आतले, न बदलणारे, तो जिवंत असेपर्यंतच रक्तात सांडणारे एखादे प्रथिन. परजीवी मेला की ते थोड्या काळात नाहीसे होते. आणि ते पकडायला बारीक, मजबूत हत्यार लागते. ते हत्यार सापडले उंटाच्या रक्तात.

गोष्ट ब्रुसेल्सच्या फ्री युनिव्हर्सिटीची. खरे तर तिथे त्या नावाची दोन विद्यापीठे आहेत. एकच होते, १९७० च्या सुमारास भाषेवरून वाटणी झाली: एक फ्रेंच, एक डच. १९५६ साली नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो, तेव्हा वाटणी म्हणजे काय ते आपल्याला निराळे सांगायला नको. चंद्रपूरच्या शेतकऱ्याचे कोडे सोडवले ते फ्रेंच विद्यापीठाने. उंटाची गोष्ट डच विद्यापीठातली. १९८० चे दशक संपत आले होते. विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकात रक्तातले प्रतिपिंड वेगळे करायचे होते. माणसाचे रक्त वापरायची त्यांना भीती, उंदीर मारायला नको. प्राध्यापक रेमंड हॅमर्स यांच्या शीतपेटीत उंटाचे रक्तद्रव पडून होते. कशासाठी ठेवलेले? ट्रिपॅनोसोमाच्या अभ्यासासाठी! म्हणजे आपल्याच रोगाच्या घराण्यासाठी. विद्यार्थ्यांनी ते घेतले आणि त्यांना नेहमीच्या प्रतिपिंडांबरोबर काही भलतेच, लहान प्रतिपिंड दिसले. आधी वाटले नमुना खराब झाला. नव्हता. १९९३ साली 'नेचर'मध्ये निबंध आला: उंटांच्या कुळात असे प्रतिपिंड मुळातच असतात.

फरक समजावून सांगतो. आपले, गाईचे, म्हशीचे प्रतिपिंड स्वयंपाकघरातल्या सांडशीसारखे. पकड दोन पात्यांनी मिळून होते, एक जड साखळी, एक हलकी साखळी. एक पाते काढले तर भांडे उचलता येत नाही. उंटाच्या त्या प्रतिपिंडांत हलकी साखळीच नाही. एकटे पाते पकडते. बकऱ्या राखणाऱ्याच्या खांद्यावर लांब बांबूला बांधलेली आकडी असते ना, बाभळीच्या काट्यांतून शिरून नेमकी फांदी ओढणारी? तशी. या प्रतिपिंडाचे नुसते टोक कापून घेतले तरी ते पकडते. तो तुकडा म्हणजे नॅनोबॉडी. आकाराने पूर्ण प्रतिपिंडाचा साधारण दहावा हिस्सा. दाट अंगरख्याच्या फटीत जिथे सांडशी शिरत नाही तिथे आकडी शिरते. २००४ सालीच ब्रुसेल्सच्या मंडळींनी ट्रिपॅनोसोमाच्या अंगरख्याखालचा, न बदलणारा भाग पकडणारा असा तुकडा दाखवला होता.

आणखी दोन गुण आहेत, ते प्रयोगशाळेपेक्षा आपल्या दवाखान्याला महत्त्वाचे. एकदा उंटाच्या रक्तातून त्या तुकड्याची जनुकीय कृती उतरवून घेतली, की पुढे उंट लागत नाही. साध्या जिवाणूंकडून तो तुकडा हवा तेवढा करून घेता येतो. आणि पुष्कळ नॅनोबॉडी उष्णता सोसतात, तापवून थंड केल्या तरी पुन्हा आपल्या आकारात येतात. आमच्या दवाखान्यातला फ्रिज मे महिन्यात वीज गेली की कपाट होत असे. तिथे राहून मी म्हणतो, हा गुण पहिला.

गोऱ्ह्या-वासरांच्या आफ्रिकी ट्रिपॅनोसोमासाठी, म्हणजे कॉन्गोलेन्स जातीसाठी, या तुकड्यांवर आधारलेली पट्टी २०१८ साली प्रसिद्ध झाली. गरोदरपणाच्या पट्टीसारखीच. एक आकडी पट्टीवर रोवलेली, दुसरी रंग घेऊन वाहत येते; मध्ये परजीवीचे प्रथिन अडकले तरच रेघ उमटते. रेघ म्हणजे आज, आत्ता, आत आहे. डुकरांतल्या फीतकृमीच्या गाठींसाठीही असे तुकडे केले गेले. आणि आपल्या इव्हान्सायसाठी २०२० साली एनोलेज नावाचे प्रथिन पकडणारे तुकडे मिळाले. ते काम अजून प्रयोगशाळेतले आहे. प्रथिन फारच थोडे असेल तेव्हाही रेघ उमटायला हवी, आणि थायलेरिया किंवा लालमूताच्या जनावरात ती उमटता कामा नये, ही खरी परीक्षा. आपल्याकडे ही तिन्ही दुखणी एकाच कोठ्यात असतात आणि वरून सारखीच दिसतात: ताप, रोडावणे, दूध आटणे. माझ्या हयातीत ती पट्टी सौंसरच्या दवाखान्यात येईल का, यावर मी पैज लावणार नाही. यावी, असे मात्र वाटते.

दिवाळीनंतर आपल्या पडीक शेतांत रबाऱ्यांचे तांडे उतरतात, मेंढ्यांचे खत मिळते म्हणून शेतकरी त्यांना जागा देतात. त्यांचे उंट आपण पोरांना दाखवतो. पुढच्या वेळी नीट बघा. तिबरसाने झिजणारा हाच प्राणी, आणि तिबरसा ओळखायचे हत्यारही याच्याच कुळाच्या रक्तात.

आता अकादमीसमोर आलोच आहे तर नावाचे बोलतो. अँटिबॉडीला शालेय पुस्तकांत 'प्रतिपिंड' आहे. मी एका गावात हा शब्द वापरला, तर एका आजोबांनी विचारले, श्राद्धाचा का? कुठे 'प्रतिद्रव्य' म्हणतात. 'प्रतिजैविक' म्हटले की अँटिबायोटिक होते आणि लोक त्याचीच गोळी मागतात. नॅनोबॉडीला 'अतिसूक्ष्म एकक्षेत्रीय प्रतिपिंडखंड' असे काहीतरी कोणी करू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. नॅनोबॉडी राहू द्या. बोलताना मला 'आकडी' बरी वाटते. हे मी घरी सांगितले तर सौ. म्हणाल्या, "अहो, ढोराला आकडी येते म्हणून लोक तुम्हाला बोलवत होते, आणि तुम्ही आकडीनेच तपासणार?" त्यांचे बरोबर आहे. सुर्र्याच्या शेवटी जनावराला खरोखरच आकडी येते. शब्द शोधणे तुमच्याकडे सोपवतो.

पण ती पट्टी येईल तेव्हा तिच्या पाकिटातला कागद कोणत्या भाषेत असेल, हे आत्तापासून बघा. क्विनापायरामिनच्या बाटलीसोबत इंग्रजी चिठ्ठी येते, दवाखान्याची नोंदवही हिंदीत असते, आणि 'एक दिवस खाते, दोन दिवस मान टाकते' हे मराठीत असते. २०२३ साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याचे कागद नव्याने छापले जातीलच. त्यात ढोरांच्या दवाखान्याची नोंदवही आली आणि तिच्यात 'मालक काय म्हणाला' असा एक रकाना आला, तर त्या बैलासारखे काही वाचतील.

तोवर जे हातात आहे ते करू. ताप असतानाच डॉक्टरला बोलवा, उतरल्यावर नको. ताप कोणत्या दिवशी आला, कोणत्या दिवशी उतरला, ते कोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. मी पुढे आयुष्यभर आधी ती भिंत वाचली, मग जनावर पाहिले. एका दिवशी काच साफ निघाली तर तीन दिवसांनी पुन्हा मागा. डॉक्टर वैतागला तरी मागा.

माझ्याकडे एक वही आहे. ढोरांच्या दुखण्यांची आपल्याकडची नावे मी तिच्यात लिहीत आलो. फऱ्या, घटसर्प, लालमूत, खुरी, पोटफुगी अशी बरीच पाने भरली. सुर्र्याच्या पानावर वर तारीख आहे आणि खाली कोरे आहे. 'सूर' खरेच आपला असेल तर कोणाच्या तरी घरी, एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याच्या तोंडी तो अजून असेल. इथे चहा आहे, मी तासभर थांबणार आहे. वही पिशवीत आहे.